कच्चे की पक्के? कादंबरीला न्याय देताना

धाराशिव जिल्ह्यातील ढोकी हे गाव महाराष्ट्राला ठाऊक आहे ते तेरणा शेतकरी सहकारी साखर कारखान्यामुळे. लातूर-बार्शी रस्त्यावरच्या या गावापासून तेर जवळच आहे आणि तेर म्हटले की संत गोरा कुंभार आठवतात. गोरोबांची एक आख्यायिका मराठी माणसाला लहानपणापासून ठाऊक असते. त्यांच्या घरी संतमंडळी जमली होती. कोपऱ्यातले थापटणे पाहून मुक्ताबाईने विचारले, हे कशासाठी? मडके कच्चे आहे की पक्के, हे याने कळते, असे गोरोबांनी सांगितले. मग आम्हा सर्वांचीच परीक्षा करा, असा आग्रह झाला. गोरोबांनी प्रत्येकाच्या डोक्यावर थापटणे मारले. सारे शांत बसले. एकटे नामदेव चिडले. हे मडके कच्चे आहे, असा निकाल गोरोबांनी दिला.

कथा भक्तीची आहे, पण तिच्यात परीक्षणाचे सारे शास्त्र आले आहे. थापटणे सर्वांना एकच होते. नामदेवांची कीर्ती मोठी म्हणून त्यांना सवलत मिळाली नाही. थाप परीक्षेपुरतीच होती, मडके फोडण्यासाठी नव्हती. निकाल रंगरूपावरून ठरला नाही, थाप बसल्यावर जे उमटले त्यावरून ठरला. आणि परीक्षा घेणाऱ्याला माती, चाक व आवा या तिन्हींची माहिती होती. कादंबरी वाचून तिच्याविषयी चार ओळी लिहिणाऱ्या, तिला पाचपैकी काही तारे देणाऱ्या आजच्या वाचकाला याहून चांगला आदर्श शोधूनही सापडणार नाही. जानेवारी २०२० मध्ये धाराशिव येथे, त्या वेळच्या उस्मानाबादेत, ९३ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या अध्यक्षतेखाली भरले, तेव्हा जिल्ह्यात गोरोबाकाकांचे स्मरण होणे स्वाभाविकच होते. त्यांचे थापटणे मात्र आपण साहित्याच्या बाबतीत फारसे वापरलेले नाही.

अभिप्रायाची किंमत कोण मोजतो?

एका वाचकाच्या अभिप्रायाला इतके महत्त्व कशासाठी, असा प्रश्न पडू शकेल. त्याचे उत्तर मोठ्या शहरापेक्षा ढोकीसारख्या गावात लवकर मिळते. पुण्या-मुंबईच्या वाचकाला दुकानात उभे राहून नव्या कादंबरीची वीस पाने चाळता येतात. गावातल्या वाचकाला सहसा ती सोय नसते. चारशे-पाचशे रुपयांची कादंबरी त्याला न पाहताच मागवावी लागते. गावोगावच्या अनुदानित ग्रंथालयांची स्थितीही वेगळी नाही. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ चा. त्याखाली अनुदान घेणाऱ्या ग्रंथालयांची अ, ब, क, ड अशी वर्गवारी होते आणि खालच्या वर्गातील ग्रंथालयाची वर्षभराची खरेदी मोजकी असते. पाच कादंबऱ्या घ्यायच्या तर सहावी राहते. कोणती घ्यायची हे पुष्कळदा कुणीतरी कुठेतरी लिहिलेल्या परीक्षणावर ठरते. खोट्या स्तुतीची किंमत अशा वेळी वाचकाच्या खिशातून जाते, तर अन्याय्य निंदेची किंमत लेखक मोजतो.

लेखकाची बाजूही नाजूक असते. मराठी कादंबरीची आवृत्ती सामान्यतः हजार प्रतींची किंवा त्याहून लहान असते. नव्या लेखकाच्या पहिल्या पुस्तकावर एकंदर तीन-चारच अभिप्राय आले, तर त्यांतला एक तिरसटपणे लिहिलेला अभिप्रायही पुस्तकाची वाट अडवू शकतो. त्यामुळे पूर्वी संपादक आणि प्राध्यापक यांच्यापुरती असलेली जबाबदारी आता सामान्य वाचकावर येऊन पडली आहे. ती पेलण्यासाठी साहित्यशास्त्राची पदवी लागत नाही. मात्र काही प्रश्न एकमेकांपासून वेगळे ठेवण्याची शिस्त लागते.

कोणत्या जातीची कादंबरी?

पहिला प्रश्न कादंबरीच्या प्रकाराचा. भालचंद्र नेमाडे यांनी आपल्या विवेचनात मराठी कादंबरीच्या तीन मूळ प्रवृत्ती मानल्या आणि प्रत्येकीसाठी एकोणिसाव्या शतकातील एक कादंबरी नमुन्यादाखल घेतली. बाबा पदमनजी यांची ‘यमुनापर्यटन’ १८५७ ची. विधवांच्या दुःस्थितीकडे पाहणारी, वास्तवाला भिडणारी. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ ची; अद्भुत आणि रंजक. रा. भि. गुंजीकर यांची ‘मोचनगड’ १८७१ ची, इतिहासात रमणारी. नेमाड्यांचा स्वतःचा कल पहिल्या प्रवृत्तीकडे आहे, हे उघड आहे. पण त्यांच्या वर्गवारीचा सामान्य वाचकाला होणारा उपयोग वेगळाच आहे. हाती आलेले पुस्तक या तिन्हींपैकी कोणत्या वाटेने निघाले आहे, हे आधी ओळखावे, म्हणजे त्याने न दिलेल्या वचनाचा जाब त्याला विचारला जात नाही.

याचे ठळक उदाहरण म्हणजे लागोपाठच्या दोन वर्षांत आलेल्या दोन कादंबऱ्या. रणजित देसाई यांची ‘स्वामी’ १९६२ ची आणि भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ १९६३ ची. पहिलीत थोरले माधवराव पेशवे आणि रमाबाई यांची कहाणी भारदस्त, अलंकृत भाषेत येते. दुसरीत पांडुरंग सांगवीकर हा खेड्यातून पुण्याला शिकायला आलेला तरुण कसलाही अभिनिवेश न बाळगता, वरकरणी निर्विकार सुरात आपली हकिगत सांगतो. ‘कोसला’ची मोजपट्टी लावली तर ‘स्वामी’ नाटकी वाटेल. ‘स्वामी’ची लावली तर ‘कोसला’ विस्कळीत वाटेल. हे दोन्ही निष्कर्ष वाचकाच्या मोजपट्टीविषयी अधिक सांगतात, पुस्तकाविषयी कमी. ‘कोसला’वर पुढे इतके उलटसुलट लिहिले गेले, की त्या लेखनाचे ‘कोसलाबद्दल’ हे स्वतंत्र पुस्तक बाबा भांड यांच्या संपादनाखाली निघाले. एकाच कादंबरीने वाचकांना इतके विभागावे, यावरूनही तिने वाचनाची जुनी सवय मोडली होती, हे लक्षात येते.

तथापि प्रकार ओळखणे म्हणजे माफी देणे नव्हे. ऐतिहासिक कादंबरी आहे, तेव्हा अलंकार असायचेच, इथे थांबून चालणार नाही. अलंकारांनी त्या काळाचे वातावरण उभे केले, की पात्रांचे बोलणे झाकून टाकले, हे विचारावे लागेल. पात्रे स्वतःच्या बुद्धीने निर्णय घेतात, की इतिहासात ठरलेल्या जागी जाऊन उभी राहतात, हेही पाहावे लागेल. रहस्यकथेत पात्रांची खोली कमी असली तरी चालेल. मात्र उलगडा आधी पेरलेल्या खुणांतूनच झाला पाहिजे. वास्तववादी कादंबरीत कथानक सैल असले तरी चालेल. पण त्या सैलपणातून आयुष्याची लय जाणवली पाहिजे. प्रत्येक प्रकार काही सूट घेतो आणि तिच्या बदल्यात काही देणे पत्करतो. ते देणे फिटले की नाही, हे तपासणे हे परीक्षकाचे काम.

भाषा परकी की आपण परके?

मराठवाड्यातील वाचकाला दुसरा प्रश्न अधिक जवळचा वाटेल. तो बोलीचा. उद्धव शेळके यांची ‘धग’ १९६० मध्ये आली, ती वऱ्हाडी बोलीचा जिवंत वापर करत. सदानंद देशमुख यांच्या ‘बारोमास’ने विदर्भातील शेतकरी कुटुंबाची घुसमट त्याच मातीतल्या बोलीत मांडली आणि तिला २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. अशा कादंबरीची पहिली पन्नास पाने प्रमाण मराठीवर वाढलेल्या वाचकाला जड जातात. तो ‘भाषा दुर्बोध आहे’ असा शेरा मारून एक तारा कमी करतो. तोच वाचक इंग्रजी कादंबरीत अडलेल्या शब्दासाठी शब्दकोश उघडतो आणि त्याबद्दल लेखकाला दोष देत नाही. दुर्बोधता पुस्तकाची आहे की आपल्या अपरिचयाची, हे ठरवण्याची साधी कसोटी आहे. शंभर पानांनंतर शब्द आपोआप उलगडू लागले, तर अडचण आपली होती. शब्द कळूनही प्रसंग उभा राहत नसेल, बोली केवळ गावरान रंगासाठी शिंपडलेली असेल, तर दोष पुस्तकाचा.

उलट बाजूने होणारा अन्यायही ध्यानात घ्यायला हवा. आपल्या जिल्ह्याचे, आपल्या दुष्काळाचे, आपल्या बोलीचे पुस्तक म्हटले की मन आधीच विरघळते. विषय महत्त्वाचा असणे आणि कादंबरी चांगली असणे या दोन गोष्टी आहेत. शेतकरी आत्महत्येवर लिहिलेली प्रत्येक कादंबरी केवळ विषयामुळे थोर ठरत नाही; तशी ती ठरवली, तर त्याच विषयावर जीव ओतून, कष्टाने लिहिणाऱ्या लेखकावर अन्याय होतो. ऊसतोडीवरची कादंबरी वाचताना ढोकीच्या वाचकापाशी एक अधिकार असतो, जो शहरी समीक्षकापाशी नसतो. कोयता कसा चालतो, मोळी कशी बांधतात, उचल कशी फिटते, हे त्याने पाहिलेले असते. त्या माहितीच्या आधारे तो तपशिलातील चूक दाखवू शकतो आणि त्याने ती जरूर दाखवावी. फक्त एका चुकीच्या तपशिलावरून सारी कादंबरी खोटी ठरवू नये. कादंबरी हा पंचनामा नसतो.

पूर्ण वाचा, मग बोला

तिसरी शिस्त वरवर पाहता इतकी साधी आहे की तिचा उल्लेख करणेही अनावश्यक वाटावे. पुस्तक पूर्ण वाचावे. परंतु या साध्या गोष्टीसाठी एका मराठी कथेला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. चंद्रकांत काकोडकर यांची ‘शामा’ ही कथा ‘रंभा’ मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकात प्रसिद्ध झाली. तिच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. मुंबई उच्च न्यायालयाने लेखकाला दोषी धरून दंड केला. १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला. सुटे उतारे बाजूला काढून निकाल देता येणार नाही, आक्षेपार्ह भागाचा विचार समग्र कृतीच्या संदर्भातच करायला हवा, अशी न्यायालयाची भूमिका होती.

या निकालात वाचकाने शिकण्यासारखी आणखी एक गोष्ट आहे. कथा निर्दोष ठरवताना न्यायालयाने तिला उत्तम म्हटले नाही. तिचा वाङ्मयीन दर्जा कदाचित उच्च नसेल, ती अपरिपक्व आणि अभिरुचीला न रुचणारीही असू शकेल, पण म्हणून ती गुन्हा ठरत नाही, असा त्या विवेचनाचा आशय होता. दोन वेगळ्या प्रश्नांची वेगळी उत्तरे न्यायालयाने दिली. आपण सामान्यतः हेच करत नाही. एखाद्या कादंबरीतील नायकाचे वागणे पटले नाही, की तिची भाषाही वाईट वाटू लागते. तिचा राजकीय सूर आवडला, की तिचे कंटाळवाणे मधले प्रकरण दिसेनासे होते. पात्राचे मत हे लेखकाचे मत आहे का, लेखकाचे मत आपल्याला अमान्य असले तरी त्याने ते कलेच्या पातळीवर सिद्ध केले आहे का, हे सुटे प्रश्न आहेत आणि ते सुटेच ठेवले पाहिजेत.

पुस्तक पूर्ण वाचवले नाही, असेही घडते. वाचकावर तशी सक्ती कुणी करू शकत नाही. अशा वेळी ऐंशी पानांनंतर पुस्तक ठेवले आणि ते का ठेवले, एवढेच प्रामाणिकपणे सांगावे. ती माहितीही दुसऱ्याच्या उपयोगाची असते. त्यावर तारे मात्र देऊ नयेत. निम्म्या भाजलेल्या मडक्याचा निकाल आवा उघडण्याआधी देण्यासारखे ते होईल.

लेखक कोण, आपण कोण

पुस्तकाऐवजी लेखकाची परीक्षा घेण्याची खोड जुनी आहे. १९३३ मध्ये ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह विभावरी शिरूरकर या नावाने आला, त्यापाठोपाठ १९३४ मध्ये ‘हिंदोळ्यावर’ ही कादंबरी. स्त्रीच्या मनातील कोंडमारा इतक्या उघडपणे मांडलेला पाहून महाराष्ट्रात खळबळ उडाली आणि चर्चेचा मोठा भाग विभावरी म्हणजे नेमके कोण, या शोधात खर्च झाला. त्या नावामागे बाळूताई खरे, पुढच्या मालतीबाई बेडेकर, होत्या. नाव कळल्याने त्या पानांतला एक शब्दही बदलला नाही. आज लेखकाचे छायाचित्र, जात, गाव, विचारसरणी आणि समाजमाध्यमांवरील मते पुस्तकाआधीच वाचकापर्यंत पोहोचतात, तेव्हा ही खोड आवरणे अधिक कठीण झाले आहे.

लेखकाचे नाव झाकले तर न्याय मिळेल का, तसेच परीक्षकाचे नाव झाकले तर तो निर्भय होईल का, हेही प्रयोग जगात झाले. लंडनच्या ‘टाइम्स लिटररी सप्लिमेंट’मध्ये दीर्घकाळ परीक्षणे निनावी असत. परीक्षक मैत्री आणि मुलाहिजा विसरून लिहू शकेल, असा त्यामागचा तर्क होता. मात्र त्याच पडद्याआड जुने हिशेबही चुकते करता येत. अखेर १९७४ मध्ये ती प्रथा संपली आणि परीक्षणाखाली नाव येऊ लागले. मराठी साहित्यविश्व तर त्याहून लहान. इथे लेखक, प्रकाशक, संपादक आणि परीक्षक एकाच संमेलनाच्या मांडवात भेटतात. अशा जगात पूर्ण तटस्थतेचा दावा करण्यापेक्षा संबंध जाहीर करणे अधिक खरे. लेखक परिचयाचा आहे, पुस्तक भेट म्हणून आले आहे, याच विषयावर आपण स्वतः लिहीत आहोत, हे एका वाक्यात सांगितले की वाचक त्या अभिप्रायाचे वजन आपल्या परीने ठरवतो.

आपले पूर्वग्रह मोजण्याचा एक घरगुती उपाय आहे. पुस्तक आवडले असेल तर त्यातील सर्वांत दुबळे प्रकरण कोणते, हे लिहून काढावे. आवडले नसेल तर सर्वांत समर्थ प्रसंग शोधावा. दोन्हींपैकी एकही सापडत नसेल, तर पुस्तक एकतर्फी आहे असे मानण्याआधी आपले वाचन एकतर्फी झाले का, ते तपासावे.

काटा आणि उतारा

आता ताऱ्यांकडे वळू. तारे देणे हा आकडा आहे, आणि आकड्याचा अर्थ आधी ठरलेला नसेल तर तो दिशाभूल करतो. फ्रान्समधील मिशेलिन मार्गदर्शिकेने १९२६ पासून उपाहारगृहांना तारे देण्यास सुरुवात केली आणि काही वर्षांतच त्यांचे अर्थ पक्के केले. एक तारा म्हणजे वाटेत असेल तर थांबण्याजोगे. दोन म्हणजे वाट वाकडी करून जाण्याजोगे. तीन म्हणजे खास त्यासाठी प्रवास करण्याजोगे. तारा किती सुंदर, हे त्यात सांगितलेले नाही. ग्राहकाने काय करावे, ते सांगितले आहे. याउलट गुडरीड्स या संकेतस्थळाने ताऱ्यांना दिलेले अर्थ निव्वळ आवडीचे आहेत. तिथे दोन तारे म्हणजे ‘ठीक आहे’. तेच दोन तारे आपल्याकडचा वाचक ‘नापास’ म्हणून वाचतो. अर्थ वेगळा असताना आकडा सारखा दिसतो, हीच खरी अडचण.

ढोकीच्या शेतकऱ्याला ही अडचण चटकन समजेल. ऊस कारखान्यावर जातो तेव्हा दोन आकडे निघतात. एक वजनकाट्यावरचा आणि दुसरा साखरेच्या उताऱ्याचा, म्हणजे गाळलेल्या उसातून शेकडा किती साखर निघाली त्याचा. केंद्र सरकारचा रास्त व किफायतशीर दर उताऱ्याशी बांधलेला असतो. २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उतारा धरून तो टनाला ३,५५० रुपये ठरवण्यात आला. वजन भरपूर आणि उतारा कमी, असा ऊस असतो. तशीच सहाशे पानांची, गाजलेली, पुरस्कारप्राप्त कादंबरीही असू शकते. वाचकाने स्वतःशी दोन आकडे ठेवावेत. मला किती आनंद मिळाला, हा एक. कादंबरीने जे करायचे ठरवले ते किती साधले, हा दुसरा. पहिला आकडा तीन आणि दुसरा पाच असू शकतो. तसे असेल तर तसेच लिहावे. आणि काटा रोज तोच असावा. मित्राच्या पुस्तकाला वेगळा काटा लावला, की काटामारी सुरू झाली असे समजावे.

आपला काटा ठरवण्यासाठी प्रत्येक वाचकाने आपल्या पाच परिचित कादंबऱ्या पाच पायऱ्यांवर मांडून पाहाव्यात. पाच तारे म्हणजे पुन्हा वाचायला हवी अशी. चार म्हणजे दुसऱ्याला आग्रहाने द्यावी अशी. तीन म्हणजे त्या विषयाची आवड असणाऱ्याने वाचावी अशी. दोन म्हणजे काही भाग चांगला, पण एकंदरीत फसलेली. एक म्हणजे वेळ वाया गेला अशी. नवे पुस्तक आले की ते या पाचांपैकी कोणत्या शेजारी बसेल, एवढेच पाहायचे. याने दोन आजार टळतात. दिसेल त्याला पाच तारे देणारा उदारपणा हा एक. कुणालाच तीनच्या वर न जाऊ देणारा तोरा हा दुसरा.

दुसऱ्यांनी दिलेल्या ताऱ्यांची सरासरी वाचतानाही थोडे गणित हवे. समजा, एका कादंबरीला चारच वाचकांनी तारे दिले आणि चौघांनीही पाच दिले. दुसरीला चारशे वाचकांनी दिले आणि सरासरी ४.१ आली. पहिली वरचढ दिसते. पण ते चौघे लेखकाचे स्नेही असणे सहज शक्य आहे. म्हणून सावध हिशेबात प्रत्येक पुस्तकाला आधी दहा काल्पनिक वाचकांचे मध्यम, म्हणजे तीन-तीन तारे बहाल करतात. मग पहिल्या कादंबरीचे एकूण ५० तारे १४ जणांत वाटले जाऊन सरासरी सुमारे ३.६ होते, दुसरीचे १,६७० तारे ४१० जणांत वाटून ती सुमारे ४.१ वरच राहते. थोड्या मतांवर मोठा विश्वास ठेवू नये, हे शहाणपण असे आकड्यांत मांडता येते. अर्थात याचा दुसरा अर्थ असाही की, कमी मते मिळालेली कादंबरी वाईट नसते. तिची परीक्षा अजून व्हायची असते.

काळालाही एक मत असते

विश्राम बेडेकर यांची ‘रणांगण’ १९३९ मध्ये ह. वि. मोटे यांनी प्रसिद्ध केली. युरोपातून परतणाऱ्या बोटीवरील चक्रधर आणि जर्मनीतून परागंदा झालेली ज्यू तरुणी हॅर्टा यांची ही छोटेखानी कादंबरी. आज ती मराठी कादंबरीचा महत्त्वाचा टप्पा मानली जाते. पण हे स्थान तिला प्रसिद्ध होताक्षणी मिळालेले नव्हते. महायुद्धाचा आणि ज्यूंच्या संहाराचा पुरता अर्थ जगाला कळल्यानंतर तीच पाने वेगळी वाचली गेली. त्यामुळे वाचकाने आपल्या अभिप्रायाखाली वाचनाची तारीख लिहावी आणि दहा वर्षांनी मत बदलले तर तसे कबूल करावे. विशीत आवडलेली कादंबरी चाळिशीत उथळ वाटली, तर विशीतला वाचक लबाड ठरत नाही.

पुस्तक मिटल्या क्षणी लिहू नये, हा याच अनुभवाचा छोटा अवतार. शेवटच्या प्रकरणाचा झंकार ओसरायला आठवडा द्यावा. आठवड्याने जे प्रसंग न आठवता आठवतात, ते पुस्तकाचे खरे बळ. त्यानंतर जे लिहायचे त्यात पाच गोष्टी याव्यात. कादंबरी कोणत्या जातीची आणि कशाविषयी आहे. ती काय साधू पाहते. ते कुठे साधले, याचा एखादा प्रसंग. कुठे फसले, त्याचाही एखादा प्रसंग. आणि ती कोणत्या वाचकाला रुचेल. शेवटचा उलगडा सांगून दुसऱ्याच्या वाचनाचा आनंद हिरावू नये. प्रसंगाचा पुरावा देण्याचे महत्त्व मोठे आहे, कारण त्यामुळे न पटणाऱ्या वाचकाला वाद घालायला जागा मिळते. ‘अप्रतिम’ आणि ‘टाकाऊ’ या शब्दांशी वाद घालता येत नाही.

तेरच्या कथेचा शेवट पुष्कळदा सांगायचा राहतो. कच्चे ठरलेले नामदेव रुसून पंढरीला गेले आणि विठ्ठलापुढे गाऱ्हाणे मांडले. विठ्ठलाने गोरोबांचा निकाल खोडून काढला नाही. नामदेवांना औंढ्या नागनाथाला विसोबा खेचरांकडे पाठवले. तिथे त्यांना गुरू लाभला, आणि पुढे त्यांची वाणी पंजाबपर्यंत पोहोचून गुरू ग्रंथसाहिबात समाविष्ट झाली. गोरोबांनी मडके कच्चे म्हटले, पण ते उकिरड्यावर टाकले नाही. ढोकीच्या एखाद्या वाचकाने उद्या जिल्ह्यातल्याच एखाद्या नव्या कादंबरीवर लिहिताना इतके सांभाळले, तर ग्रंथालयाचे पैसे वाचतील आणि त्या लेखकालाही आपले मडके नेमके कोणत्या बाजूने कच्चे राहिले, ते कळेल.